घासलेलं पिस्तूल

निनाद बूट घालून देव्हाऱ्यापर्यंत आला, तेव्हाच पद्माबाईंनी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. खाणीतून आला की मागच्या दाराशी बूट काढायचे, मोजे तिथेच झटकायचे, ही शिस्त त्यांनी इथे आल्या आल्या घराला लावली होती. कारण ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्लीची तांबडी धूळ एकदा आत शिरली की पाहुण्यासारखी चार दिवसांनी जात नाही, रुसलेल्या जावयासारखी ठाण मांडून बसते. आणि आज पन्नाशीला टेकलेला हा इंजिनियर फरशीवर तांबडे ठसे उमटवत थेट आत आला होता आणि पाटाकडे टक लावून उभा होता. पाटावर सगळं रीतसर मांडलेलं. विळी, सुऱ्या, शिवणाच्या दोन कात्र्या, सुनेचा, लीनाचा, जुना स्टेथोस्कोप, निनादचंच जादाचं हेल्मेट, पान्ह्यांचा डबा. आणि मधोमध ब्लाउजपीसच्या हिरव्या खणावर, हळदीकुंकू लावून, अंगणातल्या झेंडूची दोन फुलं वाहून, लांब नळीचं, लाकडी मुठीचं एक पिस्तूल. पद्माबाई त्याच्या बुटांकडे बघत होत्या आणि तो पिस्तुलाकडे.

"आई, हे काय आहे?"

"दिसत नाही? पिस्तूल."

"खरं आहे हे!"

"मग खोट्याची पूजा करतात का खंडेनवमीला? बूट काढ आधी."

त्याने बूट काढले नाहीत. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती, अगदी त्याच्या वडिलांसारखी. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पेट्या भरायचे आणि मोठ्या साहेबाची गाडी फाटकात शिरली की त्यांची मान अशीच ताठ व्हायची, भीतीने, आणि लोकांना वाटायचं, काय स्वाभिमानी माणूस आहे. पद्माबाईंना मात्र लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं की या घरातला स्वाभिमान आपल्यालाच सांभाळायचा आहे. त्यांनी तो सांभाळला, शिवणयंत्र चालवून, अर्ध्या खडकीचे ब्लाउज बेतून, आणि जी बाई म्हणेल 'पद्माताई, गळा जरा चुकला' तिला 'गळा बरोबर आहे, मान चुकलीय' असं तोंडावर सांगून. चौथीत शाळा सुटली तरी उभ्या आयुष्यात 'मला कळलं नाही' हे वाक्य त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. कळलं नाही तर मान हलवायची, घरी यायचं, आणि दुसऱ्या कुणाकडून वळसा घालून काढून घ्यायचं. मान हलवण्याने कधी कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

निनादने लीनाला हॉस्पिटलमध्ये फोन लावला. फोन स्पीकरवर होता. "अगं, घरात पिस्तूल आहे. आईने त्याला कुंकू लावलंय." पलीकडे कुणाला तरी 'एक्स्क्यूज मी' म्हणून लीना बाजूला गेल्याचा आवाज. "आपली सिटिझनशिप यायचीय गं," निनाद म्हणाला, "एखाद्या बंद खाणीच्या शाफ्टमध्ये टाकून येऊ का? कुणाला कळणार नाही." पद्माबाई मध्येच बोलल्या, "दुसऱ्याची वस्तू भुयारात टाकायला मी शिकवलं होतं का तुला?" लीनाचं डोकं शांत होतं, पद्माबाई सुनेचा हा गुण कबूल करायच्या, फक्त तिच्यासमोर नाही. लीना म्हणाली, "निनाद, नो. काही टाकायचं नाही. अशा वस्तू आणून दिल्या तर कुणाला काही होत नाही, अमनेस्टी आहे. पोलिसांना फोन कर. आणि त्याला हात लावू नका कुणी." त्याने फोन केला. तिकडूनही तेच उत्तर आलं: आहे तिथे राहू द्या, हात लावू नका, हातातलं काम आटोपून माणूस येतोय.

"बघ," पद्माबाई म्हणाल्या. "मी सकाळपासून तेच सांगतेय. आजच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा कालच चिरून ठेवलीय."

"आई, प्लीज. कोणाचं आहे हे?"

"मर्लचं."

शेजारच्या पत्र्याच्या घरातली मर्ल. ऐंशीच्या पुढची, काटक, हातावर तपकिरी डाग, गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि कुठल्याही ऋतूत तीच एक निळी टोपी. पद्माबाई इथे आल्या तेव्हा पहिले काही महिने त्यांना दुपार खायला उठायची. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या बाजूचा माणूस परगावचा वाटावा, आणि तो माणूसही दिसायचा नाही. लोक गाडीतून येत, गाडीतून जात. दिवसातून एकदा मोठ्या खाणीत सुरुंग उडायचा, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि तेवढाच काय तो या गावाने केलेला आवाज. मग एके दिवशी कुंपणावरून एक हात आला, हातात लिंबांची पिशवी. पद्माबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतून लिंबाचं लोणचं परत पाठवलं. मर्लने ते पावाला लावून खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि बरणी रिकामी करून परत आणून दिली. बरणी घासलेली नव्हती, नुसती पुसलेली. त्यावरून पद्माबाईंनी ओळखलं की ही बाई चांगली आहे पण हिला घासायचा कंटाळा आहे.

तेव्हापासून दुपारी मर्लच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या. मर्ल तिच्या इंग्रजीत बोले, या आपल्या मराठीत. निनाद विचारायचा, "आई, तुम्हाला एकमेकींचं कळतं तरी का?" त्या म्हणायच्या, "तुला आणि लीनाला एकाच भाषेत बोलून कळतं का?" कळत होतं, त्यांच्या मते. कोण मेलं, कोण परदेशी गेलं, कुणाचा गुडघा दुखतो, हे समजायला डिक्शनरी लागत नाही. मर्लची लेक पर्थला होती आणि आता मर्लला तिकडे नेऊन एका वृद्धाश्रमात ठेवणार होती, हेही पद्माबाईंना कुणी भाषांतर करून सांगितलं नव्हतं. मर्लने रिकामी खोकी दाखवली, पश्चिमेकडे बोट केलं आणि ओठ मुडपले, झालं. शुक्रवारी ती जाणार. परवा तिने शेडची किल्ली पद्माबाईंच्या हातात ठेवली, हात झाडून दाखवले, 'टेक, लव्ह, टेक' म्हणाली. शेडमध्ये एक बिडाची कढई मिळाली, खिमा करायचं एक यंत्र मिळालं (त्याचा या शाकाहारी घरात काय उपयोग, पण बीड चांगलं होतं) आणि सगळ्यात मागे, बिस्किटांच्या डब्यात, फ्लॅनेलच्या चिंधीत गुंडाळलेला सुकलेल्या चिखलाचा एक गोळा. गोळ्यातून लाकडी मूठ बाहेर आलेली. पद्माबाईंना वाईट वाटलं. घराचं शस्त्र आहे, नवमी उद्यावर आलीय, आणि हे असं घाणीत लोळतंय. या बायकांना घासायचा कंटाळा. तेव्हाच त्यांनी ठरवलं: हे घासायचं, पुसायचं, पूजायचं आणि दसऱ्याला मर्लच्या हातात चकचकीत करून ठेवायचं. जाणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, आणि मर्लला द्यावं असं त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? साडी ती नेसणार नव्हती.

"म्हणजे तिला माहीत नाही?" निनाद म्हणाला.

"उद्या देणार होते."

"बरंय मग. पोलीस येऊन घेऊन जातील. तिला कशाला त्रास? म्हातारी बाई."

पद्माबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने अखेर बूट काढले. तिच्या वस्तूला न्यायला पोलिसाची गाडी येणार, ती खिडकीतून बघणार आणि तिला वाटणार, या शेजारणीने माझ्या शेडमधून चोरून चुगली केली? सत्तर वर्षं जपलेलं नाव या वाळवंटात मातीत घालायला त्या आल्या नव्हत्या. त्या मागच्या अंगणात गेल्या, कुंपणाशी उभ्या राहिल्या आणि खडकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला हाक मारायच्या त्याच आवाजात ओरडल्या, "मर्लऽ! कम! अर्जंट!" निनाद मागून म्हणाला, "आई, लोक ऐकतायत." कुठले लोक? तारेवरचे दोन गुलाबी पोपट उडाले, एवढंच.

मर्ल काठी टेकत आली. हसत आली, काहीतरी खायला दिलं जाणार या अपेक्षेने. स्वयंपाकघरातून देव्हाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली, फुलं पाहिली, 'ओ, प्रिटी' म्हणाली, आणि मग तिला दिसलं. पद्माबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, कारण भेटवस्तू देताना माणूस चेहऱ्याकडेच बघतं. त्यांनी हा चेहरा बऱ्याचदा पाहिला होता. बाई ब्लाउज घालून आरशासमोर उभी राहते, आणि बसलेला असतो छान, पण तो तिने मनात धरलेला ब्लाउज नसतो. तो एक क्षण. त्यानंतर एक तर हसू येतं नाहीतर भांडण. मर्लला दोन्हींपैकी काहीच आलं नाही. तिने काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढली, बसली, आणि अगदी हळू म्हणाली, "यू'व्ह वॉश्ड इट."

वॉश कळलं. पद्माबाई खुशीत म्हणाल्या, "येस! चिंच. मीठ. ब्रश." आणि हाताने घासून दाखवलं.

"द मड," मर्ल म्हणाली. "व्हेअर्स द मड?"

हेही कळलं. मड कुठे? चिखल कुठे असणार? इथे पाणी पार पर्थकडून नळाने येतं, त्याचा थेंब वाया घालवणं पाप, म्हणून घासलेलं पाणी त्यांनी बादलीत धरलं होतं आणि नेहमीप्रमाणे कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं होतं. त्यांनी खिडकीतून कुंडी दाखवली. मर्लने कुंडीकडे पाहिलं. मग ती निनादकडे वळून बोलू लागली, न थांबता, सपाट आवाजात, आणि निनाद आधी 'ओह' म्हणाला, मग 'आय सी'.

"काय म्हणतेय?"

"काही नाही, तिच्या आजोबांचं आहे म्हणतेय."

"एवढं बोलली त्यात एवढंच? सगळं सांग. चाळणी लावू नकोस."

त्याने सांगितलं. मर्लचा आजोबा, आल्फ, याच गावात खाणीच्या यंत्रांचे भाग बनवायचा. पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. त्याने आपल्या डोक्याने एक पिस्तूल बनवलं, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येणारं. तेव्हा ही नवलाई होती. असं एकच बनवलं, ते घेऊन बोटीने मेलबर्नला गेला, लष्कराच्या साहेबांसमोर चाचणीला. पहिल्या दिवशी पिस्तूल सुरेख चाललं. दुसऱ्या दिवशी वाळू टाकली, तरी चाललं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी टबात चिखल कालवून त्यात ते बुडवलं, आणि ते अडकलं. घट्ट. साहेबांनी माना हलवल्या, नको म्हणाले, आणि आल्फ चिखलासकट ते उचलून घरी घेऊन आला. त्याचं म्हणणं असं की तो चिखल खरा नव्हताच. त्यात कुंभाराची माती मुद्दाम मिसळली होती, कारण साहेबांचं दुसरं एक पिस्तूल आधीच ठरलं होतं. जगात कुठल्याही रणांगणात असा चिखल नाही, असं तो मरेपर्यंत सांगत राहिला. म्हणून ते कधी पुसायचं नाही. चिखल हाच पुरावा. आल्फने पुसलं नाही, त्याच्या मुलाने नाही, मर्लने नाही. लहानपणी नाताळात सगळे जमले की ते फ्लॅनेलमधून काढायचे, टेबलावर ठेवायचे, आणि बघा म्हणायचे, आपल्याला कसं हरवलं.

"आणि आता," निनादने घसा साफ केला, "ती म्हणते की हे तिने तुला सांगितलं होतं. सगळं. व्हरांड्यात. दोन-तीनदा. तू ऐकून रडली होतीस. म्हणून तर किल्ली तुला दिली, लेकीला नाही. तिला विचारायचंय की सगळं माहीत असून तू ते का धुतलंस."

नेमका तेव्हाच खाणीत सुरुंग उडाला. काचा थरथरल्या, पाटावरच्या कात्र्या एकमेकींवर किणकिणल्या. रोज या आवाजावर पद्माबाई चहाचं आधण ठेवायच्या. आज त्या जागच्या हलल्या नाहीत. रडल्या होत्या, खरं होतं. ती दुपार त्यांना लख्ख आठवत होती: मर्ल बराच वेळ बोलत होती, हातांनी काहीतरी लांबट वस्तू दाखवत होती, मूठ वळत होती, मध्येच तिचा गळा भरून आला होता, आणि पद्माबाई 'येस, येस' म्हणत मान हलवत होत्या. पण त्या ऐकत कुठे होत्या? त्या भरल्या गळ्याने त्यांना आपलंच आठवलं होतं. थोरल्या लेकीचं लग्न, मांडव भरलेला, मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ, आणि नवरीला बोहल्यावर आणायला मामाचा पत्ता नाही. दत्तप्रसाद, पाठचा भाऊ, ज्याला त्यांनी कडेवर वागवलं, तो आला नाही. शेवटी शेजारच्या बाळ कुलकर्ण्याला टोपी घालून मामा म्हणून उभं केलं. आणि अक्षता पडून गेल्यावर हा आला, दोन्ही हात काळे करून, म्हणे तळेगावच्या चढावर मोटारसायकलची चेन निघाली. मानपानात विचारलं नाही म्हणून रुसून बसला होता, आणि हात काळे करायला किती वेळ लागतो? शिवणयंत्राला तेल घालणाऱ्या बाईला कुणी ग्रीसचं सांगावं! तेव्हापासून त्याच्याशी शब्द नाही. राखी नाही, भाऊबीज नाही. हे सगळं त्यांनी त्या दुपारी मर्लला सांगितलं होतं, अथपासून इतिपर्यंत, हात काळे कसे होते ते स्वतःचे हात पुढे करून दाखवलं होतं, आणि मर्लने त्यांचे हात आपल्या हातात धरून ठेवले होते. दोन म्हाताऱ्या, चार हात, दोघींच्या डोळ्यांत पाणी. किती समजून घेते ही बाई, असं पद्माबाईंना तेव्हा वाटलं होतं. सख्ख्या जावेला जे कळलं नाही ते हिला कळलं. आणि समजा खरंच चेन निघाली असली तर? हा विचार आज कुठून आला कोण जाणे, कावळ्यासारखा येऊन कठड्यावर बसला. त्यांनी तो हाकलला. निघाली असली तरी लवकर निघायला काय झालं होतं.

मर्ल वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर पद्माबाईंना सोपं गेलं असतं, रागाला उत्तरं त्यांच्या पदरात बांधलेली असत. पण तिथे राग नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. गप्प बसता आलं असतं. मान हलवता आली असती. 'घाण होती, धुतली' म्हणून तोऱ्यात उभं राहता आलं असतं, आणि मर्ल शुक्रवारी पर्थला गेली असती आणि मरेपर्यंत समजली असती की या बाईने माझं दुःख ऐकलं, त्यावर रडली आणि मग ते नळाखाली धरलं. पद्माबाईंचं नाव शाबूत राहिलं असतं. कुणापाशी? या तांबड्या धुळीपाशी? दारात पोलीस येऊ घातलेला, मुलगा घड्याळाकडे बघतोय, आणि समोरची बाई आयुष्यातली शेवटची मैत्रीण असण्याची शक्यता बरीच. सत्तरीनंतर नवी मैत्रीण मिळणं आणि बिडाची कढई फुकट मिळणं, दोन्ही एकदाच होतं.

"सांग तिला," पद्माबाई निनादला म्हणाल्या, आणि आवाज नेहमीचाच होता, दुकानदाराला कापड परत करताना असायचा तो, "सांग, मला इंग्रजी येत नाही. तिने काय सांगितलं त्यातलं अक्षर मला कळलं नाही. मान हलवली ती आपली अशीच. रडले ती माझ्या भावासाठी."

"आई, असं कसं सांगू? तिला किती वाईट—"

"जसंच्या तसं सांग. मला बघू दे तुला तरी इंग्रजी येतं का."

त्याने सांगितलं. मर्लचं तोंड थोडं उघडं राहिलं. मग तिने विचारलं, "ब्रदर? व्हॉट ब्रदर?" निनादने वळून तेच विचारलं, तेव्हा पद्माबाई म्हणाल्या, "दत्तप्रसाद! हात काळे! तिला सगळं सांगितलंय मी." आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, त्या दुपारी केले होते तसे. मर्ल त्या हातांकडे बघत राहिली. तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, आधी खोकल्यासारखा. ती निनादला काहीतरी म्हणाली आणि निनाद, ज्याच्या तोंडावर गेल्या तासाभरात रंग नव्हता, तोही नाक दाबून हसायला लागला.

"काय झालं?"

"आई, तिला वाटलं, तू इथे घरकाम करून हात खराब झाले म्हणून रडतेयस. तिला वाटलं, लीना तुला राबवते. वर्षभर ती लीनाशी धड बोलली नाही."

"अगं बाई!" पद्माबाई म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, कारण ही गोष्ट लीनाला सांगताना काय मजा येईल ते त्यांना आत्ताच दिसत होतं. दोघी हसत होत्या आणि मर्ल टोपीने डोळे टिपत होती. पण हसू ओसरलं आणि तिची नजर पुन्हा पाटावर गेली. तिने जे म्हटलं ते निनादने न विचारता सांगितलं. "म्हणते, तुझा दोष नाही. पण शंभर वर्षं ते निदान काहीतरी सांगत होतं. आता ते नुसतं स्वच्छ मढं आहे."

मढं. पद्माबाईंना तो शब्द लागला. कारण अजून एक गोष्ट होती, जी त्यांनी पोटात ठेवली होती. ठेवली होती असंही नाही, सांगण्यासारखी ती त्यांना वाटलीच नव्हती. काल दुपारी टबापाशी बसून त्यांनी चिंचेचं पाणी खाचाखाचांत मुरवलं, ब्रशने माती खरवडली, नाडीच्या सुईने कोपरे काढले, कोरडं केलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले, सांधा दिसेल तिथे. आणि मग वरचा लोखंडी भाग हाताला लागला तो करकरत मागे आला आणि पुन्हा जागेवर गेला. खट्ट. शिवणयंत्रातली अडकलेली शटल सुटली की जसं बरं वाटतं तसं त्यांना वाटलं होतं. दोन-चारदा करून बघितलं, दर वेळी आवाज जास्त गोड. झालं, एवढंच. त्यात सांगायचं काय? पण आता ती गोष्ट त्यांच्या छातीत जड होऊन बसली. शंभर वर्षं तीन पिढ्या नाताळच्या टेबलाभोवती बसून म्हणत होत्या, आपल्याला संपवलं. आणि संपलेलं काही नव्हतंच, मूठभर चिंच लागत होती. हे ऐकायला बरं की वाईट? आल्फने घरी येऊन ते धुतलं असतं तर त्याला त्याच रात्री कळलं असतं. म्हणून तर धुतलं नसेल? माणसाला दुःख हातचं सोडवत नाही. ते हातात असलं की निदान बोट दाखवायला दिशा असते. हे पद्माबाईंना कुणी शिकवायला नको होतं. आणि तरीही, आता कुठल्याही क्षणी पोलीस येणार, आत काही आहे का बघायला तो आपल्या हाताने ते ओढणार, आणि आल्फचं पिस्तूल चालतं हे मर्लला एका परक्या माणसाच्या हातून कळणार. ते नाही चालायचं. मुलीला बोहल्यावर आणायला परका उभा राहिला की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं.

त्या उठल्या. पाटाला नमस्कार केला, मनात म्हणाल्या, आजच्या दिवशी हात लावतेय, माफ कर, आणि पिस्तूल उचललं.

"आई! हात लावू नको म्हणालेत!"

"नवमीला मीही तेच म्हणते. सरक."

"आत गोळी असली तर?"

"आत काय आहे ते मी ब्रशने घासलंय. मातीशिवाय काही नव्हतं."

नळी फरशीकडे करून त्या मर्लच्या खुर्चीशी गेल्या, गुडघे कुरकुरले तरी खाली बसल्या, तिच्या मांडीपाशी. "मर्ल," त्या म्हणाल्या. "लिसन." हा शब्द निनाद लहान असताना त्याच्या शाळेतली बाई म्हणायची. त्यांनी वरचा भाग पकडला, मागे ओढला, सोडला.

खट्ट.

मर्लचा हात काठी शोधत हवेत फिरला, काठी भिंतीपाशी होती. खोलीत कुंकवाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास होता. पद्माबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडून शब्द यायची वाट बघितली, आपला न घालता.

"अगेन," मर्ल म्हणाली.

खट्ट.

"अगेन."

निनाद खिडकीशी गेला होता. तो हळूच म्हणाला, "आई, गाडी आली." पद्माबाईंनी पिस्तूल मर्लच्या मांडीवर ठेवलं, नळी भिंतीकडे, तिची बोटं धरून लोखंडावर कुठे ठेवायची ते दाखवलं, नव्या मुलीला यंत्राचं चाक धरायला शिकवावं तसं. तिची बोटं वाळक्या शेंगांसारखी. पहिल्यांदा भाग अर्धाच आला. "जोर," पद्माबाई म्हणाल्या, "जोर लाव, बाई, खाल्लेलं लोणचं कुठे गेलं?" आणि मर्लने दात आवळले, टोपी एका कानावर आली, आणि तिच्या आजोबाचं पिस्तूल तिच्या हातात मागे आलं आणि पुढे गेलं. ती काहीतरी म्हणाली. निनाद भाषांतर करायला पुढे झाला, पद्माबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

दारावर टकटक झाली. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, साडी सारखी केली, आणि दार अर्धवट उघडून चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून उभ्या राहिल्या. पायरीवर एक तरुण पोलीस होता, उन्हाने लाल झालेला, टोपी काखेत. त्याने पाच फुटांच्या या बाईकडे पाहिलं, तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे, बोटांवरच्या हळदीकडे.

"आफ्टरनून, मॅम. आय बिलीव्ह देअर्स अ फायरआर्म—"

"येस," पद्माबाई म्हणाल्या. "बिझी. वेट."

आतून आवाज आला, खट्ट, आणि पाठोपाठ एका म्हातारीचं हसणं. पोलिसाने मान लांबवून आत बघायचा प्रयत्न केला. पद्माबाईंनी जागा सोडली नाही. निनाद मागून धापा टाकत येतोय हे त्यांना ऐकू येत होतं, तो काहीतरी सावरायला येत होता, सॉरी म्हणायला येत होता, आणि त्यांना वळून न बघताही माहीत होतं की त्याच्या मानेची शीर आता कशी दिसत असेल. त्यांनी पोलिसाला पायरीजवळच्या बाकावरची जागा दाखवली, सावलीतली.

"सिट," त्या म्हणाल्या. "बूट काढ."